जाहिरातमुक्त सभासदत्वाचे अर्थकारण
संकेतस्थळावरील चित्रफीत फुकट पाहायला मिळते असे वाटत असले, तरी तिची किंमत प्रेक्षकाचे लक्ष विकत घेणारा जाहिरातदार चुकवीत असतो. त्याऐवजी प्रेक्षकानेच ठरावीक वर्गणी भरावी, ही जाहिरातमुक्त सभासदत्वामागील कल्पना होय. यूट्यूबने २०१५ मध्ये अमेरिकेत ‘यूट्यूब रेड’ या नावाने अशी योजना सुरू केली, २०१८ मध्ये तिचे ‘यूट्यूब प्रीमियम’ असे नामांतर केले आणि २०१९ मध्ये ती दरमहा १२९ रुपयांत भारतात आणली. जाहिरात वगळल्याने निर्मात्याचे उत्पन्न बुडत नाही, कारण सभासदांनी ज्याच्या चित्रफिती जितका वेळ पाहिल्या, त्या प्रमाणात वर्गणीतील हिस्सा त्याला मिळतो. मात्र निर्मात्याने स्वतःच चित्रफितीत गुंफलेली प्रायोजकाची भलामण या वर्गणीने आपोआप गळत नाही, ही या ‘जाहिरातमुक्ती’ची मर्यादा होय.