आजार एकच, नाव वस्तीगणिक वेगळे

आपल्याला नैराश्य आले आहे, असे स्वतःहून सांगणारे रुग्ण नाशिक जिल्ह्यात कमीच भेटतात. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर अनेकदा ‘बाहेरचं काहीतरी’ झाले असे समजून भगताला बोलावले जाते. निफाड-दिंडोरीचा द्राक्ष बागायतदार ‘जरा टेन्शन आहे’ एवढ्यावर विषय संपवतो. मालेगावातल्या एखाद्या घरात ‘असर’ झाल्याची कुजबुज होते. सातपूर-अंबडचा कामगार अ‍ॅसिडिटीची गोळी मागतो, तर गंगापूर रोडवरच्या घरात ‘मुलाला अभ्यासाचा स्ट्रेस आहे’ असे सांगितले जाते. नावे वेगळी, पण तपासल्यावर अनेकदा आजार एकच निघतो.

सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा आजार बहुधा शरीराच्या वाटेने येतो. झोप लागत नाही, छातीत धडधडते, डोके जड वाटते, हातापायांना मुंग्या येतात, जेवण जात नाही. ईसीजी नॉर्मल, रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल. मग कोणीतरी म्हणते, ‘काही झालेलं नाही, मनाचे खेळ आहेत.’ इथेच चूक होते. थायरॉईडचा विकार, रक्तक्षय, बी-१२ची कमतरता यांमुळेही असा त्रास होतो, म्हणून त्या तपासण्या आधी हव्यात. पण त्या नॉर्मल आल्या म्हणजे त्रास खोटा ठरत नाही. अशा वेळी मनाबद्दलचे प्रश्न विचारायला हवेत.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात साधारण दर दहा प्रौढांमागे एकाला त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले. आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. डॉक्टरांची कमतरता हे त्याचे एक कारण आहे. राज्यात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच ठिकाणी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. दुसरे कारण मात्र घराघरात आहे. ते म्हणजे लाज.

लाजेचेही प्रकार

ही लाज सगळीकडे सारखी नसते. कुठे मुलीचे स्थळ मोडेल ही भीती असते, तर कुठे सुनेला कायमचे माहेरी पाठवले जाण्याची. शेतकऱ्याला गावातली पत जाण्याची धास्ती असते. ‘घरचा कर्ता असा खचला तर कसं व्हायचं?’ हे वाक्य त्याने लहानपणापासून ऐकलेले असते. कंत्राटी कामगाराला दवाखान्याचा कागद दाखवला तर काम जाईल असे वाटते. एखाद्या भाविक माणसाला हा आजार म्हणजे आपली श्रद्धा कमी पडल्याची खूण वाटते. अशा सगळ्यांना ‘मानसिक आजार हा इतर आजारांसारखाच’ असे एकच पोस्टर दाखवून काम भागत नाही. ज्याची भीती ज्या जागी आहे, तिथेच उत्तर मिळायला हवे आणि तेही त्याच्या विश्वासातल्या माणसाकडून.

याचा चांगला दाखला आपल्याच राज्यात आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडे घरोघर बोलण्याचे, धीर देण्याचे आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांकडे पाठवण्याचे काम सोपवले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण २०१३ मध्ये ४.३ टक्के होते, ते २०१५ मध्ये २७.२ टक्क्यांवर गेले. शेजारची, ओळखीची बाई विचारते तेव्हा दार उघडते. आपल्याकडे हे काम आशा सेविका, बचत गटातल्या ताई, कारखान्यातला सहकारी करू शकतात.

श्रद्धेचे काय? गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ असा उपक्रम झाला. तिथले मुजावर दुआ देत आणि रुग्णाला आवारातच मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवत. भगत असो वा मौलवी, त्याला शत्रू ठरवण्यापेक्षा ‘देवाचं करा, पण गोळीही चालू ठेवा’ एवढे त्याच्या तोंडून वदवून घेतले, तरी मोठे काम होते. मात्र सीमा स्पष्ट हवी. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

लाज कमी करण्याचा सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे आजारातून गेलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी बोलणे. धुळ्याशी नाते असलेले, कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपवला नाही. त्यांच्या पुढाकारातून पुण्यात रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी संस्था उभी राहिली आणि २००४ मध्ये ‘देवराई’ चित्रपट आला. ‘हे फक्त आपल्याच घरात नाही’ हे कळले की निम्मे ओझे उतरते.

घरच्यांनी काय करावे?

उदासी, कशातच रस न वाटणे, झोप-भूक बिघडणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर डॉक्टरांना दाखवा. ‘मन घट्ट कर’ असा उपदेश करण्यापेक्षा ‘मी सोबत येतो’ म्हणा. नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत, त्यांचे व्यसन लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटल्यावरही त्या काही महिने घ्याव्या लागतात. एकदम बंद करू नयेत.

जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलले तर थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नका. शेतकऱ्याच्या घरी अशा काळात फवारणीची औषधे दुसरीकडे हलवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी उपचार हा हक्क ठरवला, रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आणि आरोग्य विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने स्थान दिले. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून त्याला शिक्षेऐवजी मदत द्यावी, असेही हा कायदा सांगतो.

जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत सल्ला आणि औषधे मिळतात. तिथवर जाणे जमत नसेल, तर ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मराठी, हिंदीसह अनेक भाषांत बोलता येते. आजाराचे नाव सांगता आले नाही तरी चालेल. ‘झोप येत नाही, जीव घाबरा होतो’ एवढे सांगितले तरी बोलणे सुरू होते.