विजेलाही आता घड्याळ लागले : दिवसा स्वस्त, संध्याकाळी महाग

आंब्याचा भाव हंगामात वेगळा आणि हंगामाबाहेर वेगळा असतो, हे आपल्या व्यापारी बांधवांना सांगण्याची गरज नाही. विजेचा हिशेब मात्र आपण वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने करत आलो : युनिट किती जळले आणि दर काय. ते युनिट दुपारी जळले की रात्री, याकडे लहान कारखानदाराने व दुकानदाराने कधी फारसे पाहिले नाही. यापुढे ते पाहावे लागेल. त्यामागचे कारण समजले तर हिशेबही नीट करता येईल, म्हणून हा विषय आम्ही मुळापासून मांडत आहोत.

प्रथम नियम काय आहे ते पाहू. केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगवेगळे दर लावायचे आहेत. यालाच टीओडी दर म्हणतात. १० किलोवॉटपेक्षा जास्त मागणी असलेल्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ ही आणि शेती वगळून बाकी ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२५ ही मुदत ठरवण्यात आली. स्मार्ट मीटर बसला की हा दर लागू होतो. सूर्यप्रकाशाच्या आठ तासांत दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी असावा आणि जादा मागणीच्या तासांत व्यापारी व औद्योगिक ग्राहकांना तो किमान २० टक्के जास्त असावा, असे हा नियम सांगतो. हे तास कोणते, ते प्रत्येक राज्याचा वीज नियामक आयोग ठरवतो.

साठवता न येणारा माल

सरकारला हे करण्याची गरज का पडली? वीज हा अजब माल आहे. कापडाचा तागा गोदामात ठेवता येतो, लोखंडाची सळई वखारीत पडून राहते. तारेतून येणारी वीज मात्र ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी खपावी लागते. तयार होणारी वीज आणि खपणारी वीज यांचा काटा सतत बरोबर राहिला पाहिजे.

हा काटा कुठे दिसतो? आपल्या मोटारीवरील पत्र्याची पट्टी वाचा. तिच्यावर ५० हर्ट्झ असे लिहिलेले असते. सगळ्या देशातील वीज एका सेकंदाला ५० फेऱ्यांच्या तालावर चालते. मागणी वाढली आणि निर्मिती कमी पडली की हा ताल मंदावतो. निर्मिती जास्त झाली की तो वाढतो. आपल्या देशात हा ताल ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवायचा असतो. त्यासाठी दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून प्रत्येक भागात कोणी किती वीज द्यायची व कोणी किती घ्यायची, हे आधी ठरवले जाते.

तोल गेला तर काय होते, ते जुलै २०१२ मध्ये देशाने पाहिले. ३० जुलैला उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्याच दिवशी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी बंद पडली आणि ६० कोटींहून अधिक लोकांच्या भागात अंधार झाला. काही महत्त्वाच्या वाहिन्या बंद असताना ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त वीज ओढली गेली, उरलेल्या वाहिन्यांवर भार पडला आणि एकामागून एक वाहिन्या सुटत गेल्या. त्यात सौरऊर्जेचा काही संबंध नव्हता. पण तोल सांभाळणे किती नाजूक काम आहे, हे त्यावरून कळते.

सूर्य मावळतो तेव्हा दिवे लागतात

आता या कामात ऊन आणि वारा आले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये देशातील सौर वीज-क्षमता १ लाख मेगावॉटच्या पुढे गेली. त्याच वर्षी पवनक्षमतेने ५० हजार मेगावॉटचा टप्पा ओलांडला. देशाची तोपर्यंतची सर्वांत मोठी मागणी ३० मे २०२४ रोजी २ लाख ५० हजार मेगावॉट झाली होती. हे आकडे शेजारी ठेवले की उन्हाची वीज आता किरकोळ राहिली नाही, हे लक्षात येते. तिला कोळसा लागत नाही, धूर नाही, आणि एकदा पट्ट्या बसवल्या की इंधनाचा खर्च नाही.

अडचण वेळेची आहे. उन्हाची वीज सकाळी चढते, दुपारी भरपूर येते आणि संध्याकाळी तासा-दोन तासांत शून्यावर जाते. नेमक्या त्याच वेळी घरोघरी दिवे, पंखे व टीव्ही सुरू होतात आणि बाजारपेठा उजळतात. म्हणजे दुपारी माल पडून आणि संध्याकाळी टंचाई. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या वीज-जाळ्याने २०१३ मध्ये या चढउताराचा आलेख काढला. दुपारी खोल पोट आणि संध्याकाळी उंच मान अशा त्याच्या आकारामुळे त्याला बदकाचा आलेख हे नाव पडले.

हा खड्डा आणि हा चढ पेलण्याच्या ताकदीला जाळ्याची लवचीकता म्हणतात. ती आणण्याचे मार्ग पाच आहेत.

लवचीकतेचे पाच मार्ग

पहिला मार्ग कोळशाच्या केंद्रांचा. दुपारी त्यांनी मंद चालावे आणि संध्याकाळी जोर धरावा. पण कोळशाची मोठी भट्टी गॅसच्या शेगडीसारखी फिरवता येत नाही. ती पुरती बंद केली तर पुन्हा तापायला कित्येक तास जातात आणि वारंवार तापून-थंड होऊन नळ्या व यंत्रे झिजतात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०२३ मध्ये नियम केले. या केंद्रांनी आधी क्षमतेच्या ५५ टक्क्यांपर्यंत आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत खाली येऊन चालले पाहिजे. यासाठी यंत्रात बदल करावे लागतात आणि तो खर्च शेवटी दरातच येतो.

दुसरा मार्ग पाण्याचा, आणि तो महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे. कोयनेची जलविद्युत केंद्रे १,९६० मेगावॉटची आहेत. पाणी सोडले की काही मिनिटांत वीज मिळते, म्हणून संध्याकाळच्या गर्दीला त्यांचा आधार असतो. मात्र कोयनेचे पाणी पश्चिमेकडे किती वळवायचे याला कृष्णा पाणीवाटप लवादाची मर्यादा आहे. याहून वेगळी रचना घाटघरला आहे. तेथे सह्याद्रीच्या माथ्यावर एक जलाशय आणि खाली कोकणाच्या बाजूला दुसरा आहे. वीज जास्त असते तेव्हा खालचे पाणी वर चढवायचे आणि टंचाईत तेच पाणी खाली सोडून वीज करायची. हे केंद्र २५० मेगावॉटचे आहे. अशा व्यवहारात शंभर युनिट घातले तर साधारण ७५ ते ८० परत मिळतात. ही घट दिसते मोठी, पण दुपारी वाया जाणारे युनिट संध्याकाळी हाती येत असेल तर सौदा फायद्याचा ठरतो.

तिसरा मार्ग बॅटरीचा. दक्षिण ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०१६ मध्ये मोठ्या वादळात सगळे राज्य अंधारात गेले. त्यानंतर डिसेंबर २०१७ मध्ये तेथे हॉर्न्सडेल येथे १०० मेगावॉटची बॅटरी सुरू झाली. ताल बिघडताच क्षणार्धात वीज देणे हे तिचे खरे काम. एवढ्या जलद कोणतेही जनित्र धावू शकत नाही. दिल्लीतील रोहिणी येथेही २०१९ मध्ये १० मेगावॉटची बॅटरी बसली. बॅटरीची मर्यादा अशी की ती काही तासांपुरती वीज देते. पावसाळ्यातील आठ दिवसांचे ढग तिला झेपत नाहीत.

चौथा मार्ग तारांचा. जाळे जितके दूर पसरलेले, तितका एका ठिकाणच्या ढगाचा परिणाम कमी. शिवाय आपल्याकडे वारा जून ते सप्टेंबरमध्ये जोरात असतो, म्हणजे जेव्हा ऊन कमी पडते तेव्हाच. गुजरात व तमिळनाडूचा वारा आणि राजस्थानचे ऊन एकाच जाळ्यात आले तर एकाची तूट दुसरा भरतो. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे बाकी देशाशी एका तालात जोडले गेले. ती गाठ महाराष्ट्राच्या भूमीवर पडली. पण तारा वेळेवर पोहोचल्या नाहीत तर काय होते, तेही दिसले आहे. २०२५ मध्ये राजस्थानातील काही सौर प्रकल्पांना भर उन्हात निर्मिती कमी करावी लागली, कारण वीज वाहून नेणाऱ्या वाहिन्या पुऱ्या झाल्या नव्हत्या. माल तयार आणि गाडी नाही, असा हा प्रकार.

पाचवा मार्ग ग्राहकाचा, म्हणजे आपला. वरील चारही मार्गांत वीज मागणीच्या मागे धावते. या पाचव्यात मागणीलाच विजेच्या वेळेला बोलावले जाते. शेतीपंपांच्या बाबतीत हे महाराष्ट्रात सुरू झालेले आहे. सौर कृषी वाहिनी योजनेत शेतकऱ्याला रात्रीऐवजी दिवसा, उन्हाची वीज द्यायची असा हेतू आहे. रात्री-अपरात्री पाणी द्यायला जाणे टळते आणि जाळ्यालाही दुपारचा ग्राहक मिळतो. टीओडी दर म्हणजे हेच निमंत्रण कारखानदाराला व दुकानदाराला दिले आहे, फक्त पैशाच्या भाषेत.

उलटलेला हिशेब

येथे जुन्या कारखानदारांनी विशेष लक्ष द्यावे. महाराष्ट्रात उद्योगांसाठी टीओडीची जुनी पद्धत होती. तिच्यात रात्री १० ते पहाटे ६ या वेळेत सवलत मिळे आणि सकाळी ९ ते १२ या वेळेत जादा आकार पडे. कारण तेव्हा रात्री कोळशाची वीज पडून राहत असे. म्हणून अनेकांनी रात्रपाळी लावली. आता उन्हामुळे पडून राहणारी वीज दुपारची आहे. २०२५ च्या दर-आदेशांत सवलत सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेकडे वळवण्याचे धोरण आले. जो जुन्या सवलतीच्या भरवशावर रात्री यंत्रे चालवत असेल त्याने आपला हिशेब पुन्हा मांडावा.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, विजेचा मूळ दर युनिटला १० रुपये आहे. हा आकडा केवळ हिशेबाच्या सोयीसाठी घेतला आहे. नियमातील किमान फरक धरला तर दिवसा ८ रुपये आणि संध्याकाळी १२ रुपये. १० हॉर्सपॉवरची मोटार पूर्ण भारावर तासाला साधारण साडेसात युनिट घेते. रोजचे दोन तासांचे काम संध्याकाळवरून दुपारवर आणले तर १५ युनिटांवर प्रत्येकी ४ रुपये, म्हणजे दिवसाला ६० आणि पंचवीस दिवसांच्या महिन्यात १,५०० रुपये वाचतात. हा फरक केवळ वीज आकारावर लागतो, स्थिर आकारावर नाही, हेही ध्यानात ठेवावे.

कोणाला जमेल? बर्फाच्या कारखान्याला सर्वांत चांगले जमेल, कारण बर्फ म्हणजे साठवलेली वीजच. शीतगृहाला दुपारी थोडे जास्त थंड करून संध्याकाळी यंत्र थांबवता येते, अर्थात माल सोसेल तेवढेच. मसाला व पिठाच्या गिरणीला दळण दिवसा उरकता येते. यंत्रमागवाल्याला सगळे माग थांबवणे शक्य नसले तरी कांड्या भरणे, वार्पिंग यांसारखी कामे दिवसात ओढता येतील. टाकीत पाणी चढवणे तर प्रत्येकाला दिवसा करता येते.

आणि कोणाला जमणार नाही? कपड्याचे दुकान, हॉटेल, मिठाईवाला यांचे गिऱ्हाईक संध्याकाळीच येते. रमजानमधील बाजार रात्रीच भरतो. बेकरीवाल्याला पहाटेच्या पावासाठी रात्री पीठ मळावे लागते. यांनी दुकान दुपारी उघडून गिऱ्हाईक कोठून आणावे? ज्याच्याकडे वेळ हलवण्याची सोय आहे त्याला सवलत आणि ज्याच्याकडे नाही त्याला भुर्दंड, हा या पद्धतीतील खरा दोष आहे. आमच्या मते लहान दुकानदारांच्या संघटनांनी हे गाऱ्हाणे दर-सुनावणीत लेखी मांडले पाहिजे. नियामक आयोग दर ठरवण्यापूर्वी हरकती मागवतो आणि हरकत घेण्याचा हक्क प्रत्येक ग्राहकाला आहे. मोठे उद्योग वकील उभा करतात. आपण मात्र बिल आल्यावर चौकात बसून बोलतो, आणि त्याचा उपयोग होत नाही.

स्मार्ट मीटरबाबत दोन गोष्टी माहीत असाव्यात. मीटर बसल्यानंतर त्याने नोंदवलेल्या जादा मागणीवरून, मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी दंड लावता येत नाही. तसेच एखाद्या महिन्यात मागणी वाढली म्हणून लगेच मंजूर भार वाढवला जात नाही. आर्थिक वर्षात किमान तीन वेळा मर्यादा ओलांडली गेली तरच ते करता येते. या दोन्ही तरतुदी २०२३ च्या नियमांत आहेत.

आमचे सांगणे एवढेच. येणारे बिल घ्या आणि आपला वर्ग कोणता, मंजूर भार किती, टीओडी आकार किंवा सवलत लागली आहे काय, हे तपासा. दर-आदेश बदलत असतात, त्यांवर दावेही होतात, म्हणून तास व दर ऐकीव माहितीवर ठरवू नका. मग आठवडाभर कोणते यंत्र किती वाजता चालते, ते वहीत लिहा. त्यातले जे काम दिवसा होऊ शकते ते दिवसा करा. जे होऊ शकत नाही त्याचा वाढीव खर्च आपल्या मालाच्या किमतीत आधीच धरा, म्हणजे तो नफ्यातून गुपचूप जाणार नाही.