अम्मीच्या खतासाठी एक खिसा

लेकीच्या निकाहच्या तयारीत जुनी पेटी उघडली आणि अम्मीची दोन खतं हाती आली. मी बी.एड. करत असताना तिने होस्टेलवर पाठवलेली, उर्दूत, शाईच्या पेनाने लिहिलेली. रुखसतीला लेकीला द्यायची म्हणून मी आठवणींची वही करत होते. पहिलं खत डिंक लावून सरळ पानावर चिकटवलं. ओलीने शाई फुटली, शेवटच्या दोन ओळी गेल्या. अम्मीची सही त्यातच होती. शाळेत मुलांना हस्तकला शिकवते मी, आणि माझ्याच हातून हे व्हावं!

तेव्हा भगिनींनो, जुना कागद चिकटवू नका. झेरॉक्स चिकटवा, अस्सल खत कागदी खिशात ठेवा. खिशाला तीनच बाजूंनी फेव्हिकॉलची बारीक रेघ द्या आणि पूर्ण वाळल्यावरच खत आत सरकवा.

अशी वही आपल्याला नवी नाही. चित्रं, खुशखत आणि नक्षीदार किनारी एकत्र बांधलेल्या वहीला मुरक्का म्हणत. दारा शुकोह आणि नादिरा बानो बेगम यांचा निकाह १६३३ सालचा. दाराने तिला दिलेला मुरक्का आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यातली फुलं आणि पक्षी पाहिले की कळतं, नाजूकपणा मोकळ्या जागेत असतो. आपण मात्र पान चमकी आणि टिकल्यांनी भरून टाकतो!

नाजूक पानाला महाग सामान लागत नाही. पणदऱ्यात बसून मी जुन्या लग्नपत्रिका, पतंगाचा कागद आणि दुपट्ट्याची उरलेली लेस एवढंच वापरलं. कात्रीची कड कडक दिसते, म्हणून कागद फाडा. रंगीत बाजू वर ठेवून हवा तो भाग हाताखाली दाबा आणि उरलेला आपल्याकडे वर ओढत फाडा. दाबलेल्या भागाला पांढरी मऊ कड येते. आधी रद्दीवर हात बसवा. हातकागद असेल तर ओल्या ब्रशने रेघ मारून हलकेच ओढा, कडेला तंतू सुटतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातली कागजी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या असा कागद बनवत आली आहेत.

गुलाबासाठी आठेक सेंटिमीटरचं वर्तुळ घ्या, जिलबीसारखं गोल गोल कापत मध्यापर्यंत या. बाहेरच्या टोकापासून गुंडाळा. मधली टिकली तळाला चिकटवली की फूल उभं राहतं. एका पानावर तीन पुरेत. माझं पहिलं फूल कोबीसारखं झालं होतं.

दुसरं खत आता खिशात आहे. लेकीला उर्दू अडखळत वाचता येतं, म्हणून त्यावर बटर पेपरचं एक पातळ पान लावलंय आणि त्यावर पेन्सिलीने तेच खत देवनागरीत लिहितेय. अर्धं झालंय. पहिल्या खताची झेरॉक्स समोरच्या पानावर आहे, फुटलेल्या शाईसकट.