डोक्यावरचा स्वल्पविराम

नोकरीचा अर्ज असो, रजेचा असो की दाखल्यासाठीचा, आपल्या मुलामुलींनी लिहिलेला कोणताही इंग्रजी अर्ज घ्या. मजकूर ठीक असतो, पत्ता ठीक असतो आणि शेवटी सहीच्या वर “युअर’स फेथफुली” असे लिहिलेले असते. ‘आर’ आणि ‘एस’ यांच्या मधोमध, वरच्या बाजूला एक बारीक स्वल्पविराम. वस्तीतील मुले अर्ज तपासायला आणतात, तेव्हा आमची पेन्सिल बहुधा तिथेच अडते. हे चिन्ह तिथे नको. “युअर्स” म्हणजे ‘आपला’ किंवा ‘आपली’. हा शब्द स्वतःच मालकी सांगतो, त्याला वेगळे चिन्ह कशाला?

या चिन्हाला अपॉस्ट्रॉफी म्हणतात. शब्द मूळचा ग्रीक. सोळाव्या शतकात फ्रेंच छपाईच्या वाटेने हे चिन्ह इंग्रजीत आले. त्याचे पहिले काम साधे होते, गाळलेल्या अक्षराची जागा दाखवायची. “डू नॉट” जोडून “डोन्ट” लिहिताना ‘नॉट’मधला ‘ओ’ गळतो, त्याच्या जागी हे चिन्ह बसते. संस्कृतात “कोऽपि” लिहिताना मधला ऽ हेच सांगतो, की इथे एक ‘अ’ होता. मालकीचे काम मागाहून आले, पण तेही याच रस्त्याने. जुन्या इंग्रजीत आपल्या ‘चा-ची-चे’च्या अर्थाने बऱ्याच नामांना ‘ई-एस’ लागत असे. त्यातला ‘ई’ पुढे गळला आणि चिन्ह राहिले.

आता खरी गोम. “वर्कर्स डिमांड” हे शब्द तोंडाने म्हणून पाहा. मागणी एका कामगाराची की सगळ्या कामगारांची? कानाला काही कळत नाही. कागदावर मात्र कळते. चिन्ह ‘एस’च्या आधी असेल तर कामगार एक, ‘एस’च्या नंतर असेल तर कामगार अनेक. आपल्या मराठीत हे काम एक टिंब करते. ‘कामगाराची मागणी’ आणि ‘कामगारांची मागणी’ यांत फरक आहे तो फक्त ‘रा’वरच्या अनुस्वाराचा. तो अनुस्वार सोडला तर मराठीचे मास्तर लाल रेघ मारतात, आणि ते योग्यच आहे. युनियनचे पत्र मॅनेजमेंटकडे जाते तेव्हा त्यातली मागणी एकाची आहे की सर्वांची, हे काही किरकोळ नाही. म्हणून “पेरेंट्स मीटिंग” लिहिताना चिन्ह शेवटी येते, कारण सभा सर्व पालकांची असते. “फादर’स नेम” लिहिताना ते ‘एस’च्या आधी येते, कारण वडील एकच.

काही शब्द ‘एस’ न लावताच अनेकवचनी असतात. “पीपल” म्हणजे लोक, “चिल्ड्रन” म्हणजे मुले, “विमेन” म्हणजे स्त्रिया. यांना मालकी लावताना आधी चिन्ह, मग ‘एस’. बाबासाहेबांनी 1945 साली स्थापन केलेली पीपल’स एज्युकेशन सोसायटी आपल्या घराघरांत माहीत आहे. तिच्या नावातले चिन्ह “पीपल” नंतर येते आणि ‘एस’ त्यापुढे. लोकांची शिक्षण संस्था, असा सरळ अर्थ. हे चिन्ह गाळलेले, नाही तर ‘एस’च्या पुढे ढकललेले आम्ही पत्रिकांवर व फलकांवर पाहिले आहे.

सर्वांत जास्त घोटाळा होतो “इट्स”चा. आय-टी-एस, मध्ये काही नाही, म्हणजे ‘त्याचे’. ‘टी’नंतर चिन्ह दिले, की ते होते “इट इज”, म्हणजे ‘ते आहे’. मुले म्हणतात, मालकीला चिन्ह लागते ना? मग इथे का नाही? त्यांना आम्ही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ हे नाव आठवायला सांगतो. “हिज” म्हणजे ‘त्याचा’ किंवा ‘त्यांचा’. त्यात चिन्ह आहे का? नाही. “इट्स” हा “हिज”चाच भाऊ. “हर्स”, “अवर्स”, “देअर्स” आणि अर्जातले ते “युअर्स” ही सगळी एकाच घरातली भावंडे. यांच्यापैकी कोणीही ही टोपी घालत नाही.

नुसते अनेकवचन करायलाही हे चिन्ह लागत नाही. दुकानाच्या पाटीवर “अँड सन’स” रंगवलेले असते. तिथे मुलगे अनेक आहेत एवढेच सांगायचे असते, मुलाचे काही सांगायचे नसते. पेंटरला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला जसे लिहून दिले तसे त्याने रंगवले.

हे चिन्ह चुकले म्हणून मुलाखतीत कोणी हसले, तर मुलांनी खाली मान घालू नये. खुद्द इंग्लंडात यावर एकमत नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत अर्ल’स कोर्ट या स्टेशनच्या नावात चिन्ह आहे आणि पिकाडिली मार्गावर त्याला लागूनच असलेल्या बॅरन्स कोर्टच्या नावात नाही. नाटककार बर्नार्ड शॉ “डोन्ट”, “वोन्ट” असे शब्द जाणूनबुजून चिन्हाविना लिहीत, आणि त्यांना तर नोबेल पारितोषिक मिळाले. बर्मिंगहॅमच्या नगरपरिषदेने 2009 मध्ये रस्त्यांच्या पाट्यांवर हे चिन्ह न वापरण्याचे ठरवले. दुसरीकडे जॉन रिचर्ड्स नावाच्या निवृत्त पत्रकाराने 2001 मध्ये याच चिन्हाच्या रक्षणासाठी संस्था काढली. 2019 मध्ये, अज्ञान आणि आळस यांचा विजय झाला असे म्हणत, ती त्यांनी बंद केली. पुढे ती दुसऱ्यांनी चालू केली. आळस ही त्यांची अडचण असेल. आपल्याकडे ज्याच्या घरात इंग्रजी अर्ज लिहिणारा तोच पहिला, त्याला आळशी कोण म्हणेल? त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. शॉने चिन्ह गाळले तर ती लहर ठरते, आपल्या मुलीने गाळले तर ती चूक ठरते. म्हणून तिने नियम शिकलेला बरा.

मोबाइलवर अर्ज टाइप करणाऱ्यांनी एक पाहावे. फोन आपल्या मनाने चिन्ह घालतो आणि कधी कधी “इट्स”मध्ये नको तिथे घालतो. दोन दिवसांची रजा मागताना “टू डेज लीव्ह” असे लिहिले, तर चिन्ह “डेज”च्या शेवटी, ‘एस’नंतर येते, कारण दिवस दोन. एका दिवसाची असेल तर ‘एस’च्या आधी. ऐन वेळी आठवले नाही, तर “लीव्ह फॉर टू डेज” लिहावे. त्यात चिन्ह लागतच नाही, आणि रजा तेवढीच मिळते.