काळोखात झळकणारं निळं पान

मलेशियाच्या डोंगराळ वर्षावनात, ओल्या आणि अंधाऱ्या उतारांवर एक बुटकं झाड वाढतं. एका बाजूनं पाहिलं तर पान साधं गडद हिरवं. जरा मान कलती केली की तेच पान मोरपंखी निळं! याचं नाव बेगोनिया पॅव्होनिना. पानांसाठी झाडं लावणाऱ्या प्रत्येकानं एकदा तरी डोळे भरून बघावं असं हे रोप.

या पानात निळा रंगच नाही, ही त्याची सगळ्यात मोठी गंमत! मोरपिसातही निळं रंगद्रव्य नसतं; निळाई येते ती सूक्ष्म रचनेतून. इथंही तसंच. पानाच्या वरच्या त्वचेतल्या पेशींमध्ये खास घडणीची हरितलवकं असतात, त्यांना इरिडोप्लास्ट म्हणतात. त्यांच्या आतले पडदे थरावर थर असे एकसारख्या अंतरावर रचलेले असतात, आणि हे अंतर 200 नॅनोमीटरपेक्षाही कमी! निळा प्रकाश या थरांवरून परत फिरतो, हिरवा आणि तांबडा मात्र आत रेंगाळतो.

हा खटाटोप कशासाठी? पोटासाठी. घनदाट वर्षावनात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के ऊन झिरपतं. निळा आणि तांबडा प्रकाश वरची उंच झाडंच गट्ट करतात. खाली उरतो तो हिरवट उजेड. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये ‘नेचर प्लांट्स’मध्ये दाखवून दिलं, की मंद उजेडात या रचनेमुळे प्रकाशसंश्लेषणाची कार्यक्षमता 5 ते 10 टक्क्यांनी वाढते. इतक्या काळोखात तेवढी भरही मोलाची.

म्हणूनच हे रोप घरी वाढवताना बागकामाची नेहमीची सवय मोडावी लागते. झाड मलूल दिसलं की आपण ते उन्हात सरकवतो. इथं तसं केलंत तर निळाई ओसरते आणि पानं करपतात. उत्तरेकडची खिडकी किंवा मंद एलईडी दिवा पुरे.

खरी अडचण उन्हाळ्याची. हे झाड जिथं सापडतं ते कॅमेरून हायलँड्स उंचीला साधारण आपल्या महाबळेश्वरासारखं, आणि तिथं पारा 25 अंशांच्या वर क्वचितच जातो. पुण्या-मुंबईतल्या मे महिन्यात उघड्या कुंडीत ते टिकणं कठीण. त्यावर उपाय म्हणजे झाकणाची काचेची पेटी, अर्थात टेरारियम. जुना फिश टँकही चालतो. तळाला खडी, वर स्फॅग्नम मॉस आणि पर्लाइट यांचं भुसभुशीत मिश्रण. हवेत ओल भरपूर हवी, पण मुळाशी पाणी साचता कामा नये. बेगोनिया तहानेपेक्षा कुजण्यानंच जास्त मरतात. पानांवर थेंब साचू देऊ नका, आणि रोज थोडा वेळ झाकण उघडून वारा खेळू द्या. पेटी एसीच्या झोताखाली मात्र ठेवू नका, तो हवेतली सगळी ओल शोषून घेतो.

काचेच्या पेटीची युक्तीही जुनीच. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी 1829 मध्ये बंद बाटलीत नेचं आपोआप उगवलेलं पाहिलं, आणि 1833 मध्ये अशा पेट्यांतून जिवंत झाडं थेट ऑस्ट्रेलियाला पाठवली. उष्ण प्रदेशातली नाजूक रोपं जगभर पोहोचली ती या पेट्यांमुळे.

रोपं वाढवणं तर मौजेचं. अनेक बेगोनियांप्रमाणे याचंही पान शिरेसकट कापून ओल्या मॉसवर टेकवलं, की काही आठवड्यांत शिरेपाशी इवलंसं पिल्लू डोकावतं.

बेगोनियाच्या दोन हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्यातल्या काही आपल्या घरच्याच. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या ओलसर कातळांवर फिकट गुलाबी फुलांची बेगोनिया क्रेनाटा दिसते. एक कड मोठी, एक लहान, असं तिरपागडं पान दिसलं की तिला ओळखायचं. पॅव्होनिना घरी आणण्याआधी येत्या पावसाळ्यात या बहिणीला भेटून या, मात्र तिला कातळावरून उपटू नका.

आणि दुर्मीळ रोप विकत घेताना विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: हे नर्सरीत वाढवलंय की जंगलातून काढलंय? जंगलातलं असेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.