गुणगुणीचा बंदोबस्त

दिवाळी सरून धान खळ्यावर येऊ लागले, की गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या झाडीपट्टीच्या मुलुखात मंडईचे दिवस सुरू होतात व गावोगावच्या मंडपांतून नाटके रात्रभर रंगतात. या नाटकांच्या, देवीच्या जगरात्यांच्या आणि लग्नसमारंभांतील आर्केस्ट्रांच्या वाद्यमेळात हार्मोनियम, तबला व ढोलक यांच्या पंक्तीला ऑर्गन आणि ऑक्टोपॅड येऊन बसले त्यास आता बराच काळ लोटला, आणि त्यांच्या मागोमाग कोठे कोठे विद्युत्-गिटारही आली. परंतु ज्या मंडपात वीज कधी खांबावरून तर कधी जनित्रातून घेतलेली असते, ज्यातील रंगीत दिवे डिमरच्या तंत्राने मंद व प्रखर केले जातात, आणि ज्यात शेकडो फूट वायर रंगमंचाखालून वेटोळी घालून पडलेली असते, तेथे हे वाद्य वादकाने हात लावण्यापूर्वीच बोलू लागते. एक जाड, अखंड, स्वरहीन गुणगुण ध्वनिक्षेपकातून बाहेर पडते आणि गाणे थांबले असता, म्हणजे नेमक्या जेथे शांतता हवी तेथे, तीच सभा काबीज करते. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने पुरी करते, तर प्रचलित मेळवणीतील गिटारची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने. अर्थात मूळ गुणगुण वाद्याच्या मर्यादेखाली राहते खरी, पण तिचे १००, १५०, २०० या क्रमाने चढत जाणारे उपस्वर थेट गाण्याच्या प्रांतात शिरतात, आणि मग कळ फिरवून ती कमी करावी तर तिच्याबरोबर वाद्याचा कंठही दाबला जातो.

या उपद्रवाचे मूळ पिकअपच्या स्वभावातच आहे. गिटारच्या तारांखाली बसविलेला हा लहानसा भाग म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे; वरची पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलते, आणि क्षेत्र हलले की वेढ्यांत वीज उत्पन्न होते, हा १८३१ साली फॅरडेने सिद्ध केलेला नियम. पण त्या वेढ्यांना क्षेत्र कोणी हलविले याची चौकशी करण्याचे साधन नाही. वादकाच्या बोटाने हलविले काय आणि शेजारच्या ट्रान्सफॉर्मरने हलविले काय, दोन्ही वार्ता ते सारख्याच इमानाने पुढे रुजू करतात.

यावर तोड काढणारा सेथ लव्हर हा अमेरिकेतील कॅलामाझू गावचा, रेडिओच्या कामात मुरलेला तंत्रज्ञ. गिटार बनविणाऱ्या गिब्सन कंपनीच्या एका अँप्लिफायरमध्ये गुणगुण मारण्यासाठी उलट वेढ्यांची योजना त्याने आधी केलेली होती. तीच युक्ती पिकअपमध्ये आणून त्याने एकाऐवजी दोन कॉइली शेजारी शेजारी ठेवल्या, दुसरीचे वेढे पहिलीच्या विरुद्ध दिशेने जोडले, आणि दुसरीला चुंबकाचा उलटा ध्रुव दिला. बाहेरून येणाऱ्या विजेच्या क्षेत्राला त्या चुंबकाशी कर्तव्य नसल्याने त्याने उत्पन्न केलेली गुणगुण दोन्ही कॉइलींत परस्परविरुद्ध निपजते व बेरजेत शून्यवत होते; तारेची हालचाल मात्र वेढा आणि ध्रुव अशा दोन्ही ठिकाणी उलटली गेल्यामुळे पुन्हा सुलट होते, व दुणी होऊन बाहेर पडते. नकोसा आवाज मागाहून गाळून काढण्यापेक्षा तो जन्मतःच निष्प्रभ व्हावा, अशी ही तजवीज मला मानवी बुद्धीच्या अत्यंत सुंदर कृत्यांपैकी एक वाटते. तिच्या सनदेसाठी १९५५ साली अर्ज गुदरला, १९५७ पासून हे हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारे पिकअप, गिब्सनच्या लेस पॉल गिटारवर बसू लागले, आणि सनद हाती आली ती १९५९ च्या जुलैत. मधल्या काळात पिकअपच्या पाठीवर ‘पेटंट अप्लाइड फॉर’, म्हणजे सनदेसाठी अर्ज केलेला आहे, एवढाच मजकूर असलेली चिठ्ठी चिकटविली जाई, आणि त्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून त्या जुन्या पिकअपांना पडलेले ‘पॅफ’ हे नाव आज जगभरच्या गिटारवाल्यांच्या तोंडी आहे. पुढे चिठ्ठीवर सनदेचा क्रमांक छापू लागले तेव्हाही तो हंबकरचा नसून लेस पॉलच्या तारा अडकविण्याच्या पट्टीचा होता! वाद्याचा मूळ पिकअप काढून त्या जागी दुसऱ्या कारखान्याचा बसविण्याची रीत रूढ झाली ती १९७० नंतरच्या दशकात, लॅरी डिमार्झिओ आणि सेमूर डंकन या दोघांच्या उद्योगामुळे.

गोंदियाच्या बाजारपेठेतील ज्या दुकानात हे काम मी अथपासून इतिपर्यंत पाहिले, तेथील कारागिराची उमर रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि मंडपांतील अँप्लिफायर यांच्या दुरुस्तीत गेलेली होती, आणि समोर बसलेला आमगावकडचा तरुण वादक आपली गिटार नवे मूल दाखवायला आणावे तशी दोन्ही हातांनी धरून आला होता. ती कोलकात्याहून हावडा-मुंबई लोहमार्गाने उतरलेली. लाकूड सुके, मान सरळ, पडदे अद्याप न झिजलेले. दोष एवढाच, की आवाज जरा वाढविला की तिच्यातून तीक्ष्ण चीत्कार निघे. मूळ पिकअपच्या कॉइली मेणात बुडविलेल्या नव्हत्या. सैल वेढे आवाजाच्या धक्क्याने स्वतःच थरथरत, आणि ते थरथरणे पुन्हा आवाज होऊन बाहेर येई. चांगल्या कारखान्यात पॅराफिन आणि मधमाशांचे मेण एकत्र वितळवून त्यात कॉइल इतका वेळ ठेवतात, की आतील हवेचे बुडबुडे उठणे बंद व्हावे. कारागिराने गिटार प्रथम मानेच्या टोकाकडून डोळा लावून पाहिली, आणि मगच काम पत्करले. मान वाकलेली वा पडदे झिजलेले वाद्य असते तर त्याने ते परत केले असते, आणि ते सर्वथा न्याय्य झाले असते. सदोष देहावर उंची पिकअप बसविल्याने दोष अधिक स्पष्ट ऐकू येतात, एवढेच साधते.

तारा सैल करून काढल्यावर त्याने पाठीमागचे झाकण उघडले आणि कशालाही हात लावण्यापूर्वी आतील जोडण्यांचा नकाशा एका जुन्या वहीत रेखाटून घेतला. मग मीटरने जुन्या पिकअपचा रोध मोजला : चौदा किलोओहम. नवी जोडी, अल्निको चुंबकांची, पॅफच्या धाटणीची. तिचे आकडे भरले ब्रिजकडील, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीजवळील, ८.२ आणि मानेकडील ७.६. तरुणाचा चेहरा उतरला, कारण मोठा आकडा म्हणजे मोठा आवाज आणि मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज, हा समज आमच्या वादकमंडळींत पक्का रुजलेला आहे. वस्तुतः हा आकडा तारेच्या लांबीचा आणि बारीकपणाचा दाखला आहे, गुणवत्तेचा नव्हे. जुन्या हंबकरात ४२ नंबरची, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारे सोळाव्या हिश्शाएवढी तार, दर कॉइलीस पाच हजारांच्या आसपास वेढे घेऊन बसलेली असे. ४३ नंबरची बारीक तार वापरली तर तेवढ्याच वेढ्यांत आकडा फुगतो. आणि वेढेच वाढविले तर आवाज वाढतो खरा, पण कॉइलीचे प्रेरकत्व वाढून तिचा अनुनाद खाली सरकतो व आवाजातील वरची चमक मावळते. कारागिराने हे सारे शास्त्र सांगितले नाही. “आकडा नोको पाहू बाबू, आयक,” एवढेच तो म्हणाला.

आवाजाच्या कळीखालील पॉटही, म्हणजे कमीजास्त करता येणारा रोधही, त्याने बदलले. जुने २५० किलोओहमचे होते. हंबकरला ५०० चे लागते, कारण पॉट पूर्ण उघडे असले तरी ते थोडा उच्च स्वर जमिनीत झिरपू देतच असते, आणि रोध जितका कमी तितकी ही गळती अधिक. टोनच्या पॉटला ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागला. यानंतर डाख देण्याचे काम आले, आणि येथे मी खुर्ची पुढे ओढून घेतली. पॉटच्या पाठीवर, त्या धातूच्या वाटोळ्या टोपीवर, जमिनीच्या सर्व तारा एकत्र यावयाच्या असतात. ती टोपी उष्णता शोषून घेते, म्हणून दुबळ्या आयर्नने तेथे डाख दिला तर तो वरवर बसतो, निवल्यावर करडा व रवाळ दिसतो, आणि पुढे कधीतरी भर कार्यक्रमात सुटतो. उलट आयर्न फार वेळ टेकविले तर आतील कार्बनची पट्टी करपते. कारागिराने टोपी कानशीने खरवडली, राळ लावली, जाड टोकाचे आयर्न टेकवून कथिलाचा एक पातळ थर आधीच चढविला, आणि मग वायर त्यावर ठेवून इतक्या अल्प वेळात काम उरकले, की वायरचे प्लास्टिक आक्रसलेही नाही. डाख निवेपर्यंत त्याने श्वास रोखला होता. त्या वेळी क्षणभर जरी हात हलला तरी सांधा आतून तडकतो, हे त्याला नुसते ठाऊक नव्हते, त्याच्या मनगटात ते मुरलेले होते.

नव्या पिकअपमधून चार रंगीत वायरी आणि एक उघडी वायर निघते, आणि त्यांच्या रंगांचा शिरस्ता कंपनीगणिक निराळा असतो. डंकनच्या पिकअपमध्ये काळी वायर स्वर वाहते व लाल-पांढरी एकमेकींस जोडून झाकून ठेवावयाची. डिमार्झिओमध्ये स्वर लाल वायरीतून येतो आणि जोडावयाच्या त्या काळी-पांढरी. हिरवी आणि उघडी वायर मात्र दोन्हींकडे जमिनीस जाते. दोन पिकअप एकमेकांविरुद्ध जोडले गेले, तर एकेकटे वाजताना ते निर्दोष वाटतात, पण स्विच मधोमध ठेवून दोन्ही एकदम चालू केले की आवाज पोकळ व नाकातला होतो. तसे झालेले नाही याची खातरजमा कारागिराने काट्याच्या जुन्या मीटरवर केली : पेचकसाचे सपाट पाते पिकअपच्या खिळ्यांवर टेकवायचे, झटक्याने वर उचलायचे, आणि काटा उजवीकडे झुकतो की डावीकडे ते पाहायचे. दोन्ही पिकअपना काटा एकाच दिशेस झुकला. आकड्यांच्या नव्या मीटरवर ही क्षणिक हालचाल धरणे कठीण जाते, म्हणून तो जुना मीटर त्याने कधी विकला नाही.

तारा चढवून झाल्यावर उरले ते उंचीचे काम, जे बहुतेक जण घाईने उरकतात आणि ज्यावर माझ्या मते अर्धा आवाज अवलंबून असतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून तिच्या व पिकअपच्या मधले अंतर मोजतात. ब्रिजकडे ते दोन मिलिमीटरच्या आसपास, मानेकडे त्याहून थोडे अधिक, कारण तेथे तार अधिक रुंद हेलकावते. पिकअप फार जवळ आणला तर आवाज मोठा होतो, परंतु चुंबक तारेला खेचू लागतो आणि जाड तारांचा स्वर डगमगतो. फार दूर नेला तर गाभा हरवतो. कारागीर पेचकस पाव फेऱ्याहून अधिक फिरवीत नव्हता. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर सहाही तारा वाजवून घ्यायच्या, मग तिसरी तार इतरांहून पुढे येते असे वाटले तर तिच्याखालचा खिळा किंचित खाली न्यायचा, पुन्हा वाजवायचे. दुपार कलली तरी हे चाललेच होते, आणि त्या तरुणाने एकदाही घड्याळाकडे पाहिले नाही.

शेवटी अँप्लिफायरचा आवाज वाढविला गेला. वर जुन्या चोकची ट्यूबलाइट जळत होती, पलीकडे भातगिरणीची मोटर चालू होती, आणि ध्वनिक्षेपकातून जवळजवळ काहीच येत नव्हते. तरुणाने एक तार छेडली, ती हळूहळू विरेपर्यंत ऐकली, हाताने थांबविली. “गुनगुन नाही रायली जी काका,” तो म्हणाला. जाड तारांत आता भरीवपणा होता, बारीक तारांना धार होती पण ती बोचत नव्हती, आणि चीत्कार सर्वस्वी गेला होता.

कारागिराने मात्र त्याला एका गोष्टीची स्पष्ट समज दिली. डिमर विजेची लाट अधेमधे छाटतो, त्यातून उठणारी तीक्ष्ण झणझण काही अंशी विद्युत्-क्षेत्राच्या वाटेने येते, आणि तिच्यावर दोन कॉइलींची युक्ती चालत नाही; तिच्यासाठी आतल्या पोकळीत तांब्याचा पत्रा चिकटवून तो जमिनीस जोडावा लागतो, आणि ब्रिजला गेलेली वायर शाबूत असावी लागते. तो पत्रा त्याने त्याच दिवशी चिकटविला. परंतु ही सारी जमीन अखेर मंडपातल्या अर्थिंगवर टेकलेली असते, आणि आमच्या मंडपांतून अर्थिंग म्हणजे पुष्कळदा कोरड्या मातीत खोचलेली एक सळई असते, कधी तीही नसते. अशा ठिकाणी तारांना हात आणि माइकला ओठ लागले असता झटका बसण्याचे भय असते, आणि ते दूर करणे गिटारवाल्याच्या हाती नसून मंडपाचा ठेका घेणाऱ्याच्या हाती आहे. ओलसर जागी पुरेशी खोल पुरलेली तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ, आणि कार्यक्रमापूर्वी वर ओतलेल्या दोन बादल्या पाणी, एवढ्याने पुष्कळ काम भागते. मंडईच्या निमंत्रणपत्रिकेवर नावे छापून घेणाऱ्या समित्यांनी हा बंदोबस्त आपल्या कर्तव्यांत सामील करावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.