कांद्याची साखर, आईच्या दुधाची साखर

पुणतांब्याच्या आसपास कांदा लावायला आणि काढायला आपल्याच बाया जातात. भाकरीबरोबर कांदा आपण रोज खातो. पण त्यातली एक साखर आपल्याला पचत नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. तिचे नाव फ्रुक्टान. लसणातही ती असते.

भाकरीतला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांब माळ. ती तोडणारी एन्झाइम्स आपल्या लाळेत आणि आतड्यात असतात. फ्रुक्टानची माळ फ्रुक्टोजच्या मण्यांची असते. तिची गाठ आपल्या एन्झाइमला सुटत नाही. म्हणून ती तशीच मोठ्या आतड्यात पोचते.

तिथे बिफिडोबॅक्टेरिया नावाचे उपकारक जिवाणू राहतात. ते आखूड माळ आपल्या पेशीत ओढून घेतात आणि टोकापासून एकेक मणी कापतात. साधारण दोन मण्यांपासून असेटिक आम्लाचे तीन आणि लॅक्टिक आम्लाचे दोन रेणू तयार होतात. दुधाला विरजण लावल्यावर दह्यात तयार होते, तेच हे लॅक्टिक आम्ल. आतडे असे आंबट झाले की अनेक रोगजंतूंना ते मानवत नाही. दुसरे काही जिवाणू हीच आम्ले वापरून ब्युटिरेट बनवतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराला बरीचशी ताकद त्यातूनच मिळते.

उपकारक जिवंत जिवाणू म्हणजे प्रोबायोटिक, आणि त्यांचे खाद्य म्हणजे प्रीबायोटिक.

आता बाळाचे पाहू. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर सर्वांत जास्त असतात त्या विशेष साखरा. बाळाला त्या जवळजवळ पचतच नाहीत. मग आईच्या अंगात त्या तयार तरी का होतात? कारण बिफिडोबॅक्टेरिया त्यांच्यावर वाढतात. आई बाळाला पाजते, तेव्हा ती त्याच्या पोटातल्या रक्षकांनाही जेवू घालते.

या जोडीची ताकद ओडिशातल्या खेड्यांत दिसली. तिथे ४,५५६ नवजात बाळांवर मोठा अभ्यास झाला. डॉ. पिनाकी पाणिग्रही आणि सहकाऱ्यांनी तो २०१७ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडला. आईचे दूध पिणाऱ्या काही बाळांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा जिवाणू आणि त्याचे खाद्य म्हणून फ्रुक्टोजची आखूड माळ दिली. इतर बाळांमध्ये जंतुसंसर्ग (सेप्सिस) किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्के होते. या बाळांमध्ये ते ५.४ टक्क्यांवर आले.

पण म्हणून दुकानातली कोणतीही पुडी आणून बाळाला देऊ नका. तो अभ्यास एका ठरावीक जिवाणूचा होता. सगळे जिवाणू सारखे नसतात.

नर्स म्हणून काम करताना मी पाहिले आहे, बाळ जन्मले की कुणीतरी मधाचे बोट किंवा गुटी घेऊन पुढे येतेच. मायबहिणींनो, हे थांबवा. त्यातून जंतू पोटात जाऊ शकतात. जन्मल्यावर पहिल्या तासातच बाळाला छातीशी लावा. पहिला पिवळसर चीक पिळून टाकू नका. सहा महिने फक्त आईचे दूध द्या, वरचे पाणीसुद्धा नको. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त वाटत असेल किंवा अंग गरम अथवा गार लागत असेल, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

मोठ्यांनी कांदा, लसूण आणि ताजे दही खावे. कांद्याने पोट फुगत असेल तर थोडा थोडा खावा. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय जुलाबावर अँटिबायोटिक घेऊ नये. त्या गोळीला आपला आणि परका जिवाणू ओळखता येत नाही.